बोलणं नीट, मग आठवण का राहत नाही? स्मृतिलोप आणि कार्यरत स्मृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मृतिलोप झालेल्या माणसाच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बोलतात अगदी नीट, पण काही लक्षात राहत नाही.’ खाली दिलेले प्रश्न अशा घरांतल्या लोकांनी आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करते. डॉक्टर ज्याला ॲम्नेशिया म्हणतात त्याला इथे स्मृतिलोप म्हटलं आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि तो वेगळा. बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि तिथूनच बराच गोंधळ सुरू होतो.

बाबा पाहुण्यांशी अर्धा तास छान गप्पा मारतात. पाहुणे गेल्यावर दहा मिनिटांनी म्हणतात, ‘आज कोणी आलं नाही का?’ हे सोंग तर नाही ना?

नाही. हा संशय घरोघरी येतो आणि त्यापायी आजारी माणसाला विनाकारण बोलणी खावी लागतात, म्हणून हा प्रश्न सर्वांत वर ठेवला आहे.

गप्पा मारायला लागते ती कार्यरत स्मृती. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवायची, आपलं उत्तर मनात जुळवायचं, विषय कुठे चालला आहे याचं भान ठेवायचं, हे सगळं तिचं काम. शब्द, शिष्टाचार, जुनी ओळख, गावाकडच्या आठवणी हे सारं आजाराआधीच पक्कं झालेलं असतं. म्हणजे गप्पांना जे जे लागतं ते बहुतेक सगळं बाबांकडे शाबूत आहे. बिघाड आहे तो आत्ता घडलेल्या गोष्टीचा नवा ठसा तयार होऊन टिकण्यात. पाहुणे समोर असेपर्यंत भेट चालू असते. ते उठून गेले, लक्ष दुसरीकडे वळलं, की मागे काही उरत नाही. एकाच माणसात एक स्मृती धडधाकट आणि दुसरी पार मोडलेली असू शकते.

कार्यरत स्मृती म्हणजे नेमकं काय? अल्पकालीन स्मृती तीच का?

जवळजवळ तीच, पण पूर्ण नाही. बँकेचा सहा आकडी ओटीपी मेसेजमध्ये वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाकेपर्यंत आपण मनात धरतो, ती अल्पकालीन स्मृती. तेच आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले, किंवा वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या तोंडी हिशोब करायचा असला, तर धरून ठेवण्याबरोबर त्यावर कामही करावं लागतं. धरणं आणि काम करणं मिळून कार्यरत स्मृती. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. मनातल्या मनात शब्द घोळवणारा एक भाग, चित्र आणि जागा धरणारा दुसरा, आणि या दोघांना कामाला लावणारा एक कारभारी. २००० मध्ये बॅडलींनी यात चौथा भाग घातला. शब्द, चित्रं आणि दीर्घकालीन स्मृतीतलं ज्ञान एकत्र आणून काही काळ धरणारी ही जागा त्यांना मुख्यतः स्मृतिलोपाच्या रुग्णांमुळे सुचली. काही हुशार रुग्ण चांगली परिच्छेदभर गोष्ट ऐकून लगेच बरीचशी सांगत, इतकी की ती नुसत्या शब्द घोळवण्यात मावणं शक्यच नव्हतं. वीसेक मिनिटांनी त्यांना त्यातलं जवळपास काहीच सांगता येत नसे.

कार्यरत स्मृतीची मर्यादा मात्र कडक आहे. एका वेळी किती तुकडे मावतात, यासाठी जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन, असा आकडा दिला. पुढच्या संशोधनाने तो चारच्या आसपास आणला. आपण मोबाइल नंबर ‘अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणचाळीस’ असा जोडीजोडीने सांगतो तो यामुळेच. दहा आकड्यांचे पाच तुकडे होतात.

या दोन स्मृती वेगळ्या आहेत हे कळलं कसं?

मुख्यतः एका माणसामुळे. हेन्री मोलेसन, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचा रहिवासी, जन्म १९२६. त्याला अपस्माराचे झटके इतके येत की नोकरी करणं अशक्य झालं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्डमधले सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या कानशिलाकडच्या भागाचा आतला हिस्सा काढला. त्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या अवयवाचा बराच भाग गेला. झटके कमी झाले. पण त्या दिवसानंतर भेटलेला माणूस, वाचलेलं मासिक, खाल्लेलं जेवण, काहीही त्याच्या आठवणीत टिकेना.

मॉन्ट्रियलहून आलेल्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तपासलं. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा जो निबंध छापून आला त्यात त्याचं नाव फक्त एच. एम. असं होतं. खरं नाव जगाला कळलं ते २००८ मध्ये, तो वारल्यावर. मिल्नर यांना जे दिसलं ते त्या काळात कोणालाही अपेक्षित नव्हतं. बुद्ध्यंक ११२, म्हणजे सरासरीपेक्षा वर. भाषा उत्तम, बालपण आठवतं. आकडे ऐकून लगेच म्हणायला सांगितले तर पाच-सहा आकडे बरोबर म्हणतो. आणि मिल्नर खोलीबाहेर जाऊन परत आल्या की तो त्यांना प्रथमच भेटतो.

त्याआधी स्मृती ही मेंदूभर पसरलेली एकच शक्ती आहे असं मानण्याकडे कल होता. हेन्रीने ते मोडलं. शस्त्रक्रियेनंतर तो पंचावन्न वर्षं जगला आणि त्यातली बहुतेक वर्षं, आधी मिल्नर आणि मग सुझन कॉर्किन यांच्याबरोबर, तक्रार न करता चाचण्या देत राहिला. आज स्मृतीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं फार मोठं देणं या एका माणसाचं आहे. ते त्याला कधीच नीट लक्षात ठेवता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग हेन्रीला एखादी गोष्ट किती वेळ धरता येत होती? तीस सेकंद?

घड्याळात उत्तर देता येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

मिल्नर यांनी त्याला एकदा ५, ८, ४ हे आकडे लक्षात ठेवायला सांगितले आणि त्या निघून गेल्या. साधारण पंधरा मिनिटांनी विचारलं, तर त्याने ५८४ बरोबर सांगितलं. कसं जमलं? तो म्हणाला, सोपं आहे. आठ लक्षात ठेवायचा. तिघांची बेरीज सतरा. त्यातून आठ गेले, नऊ उरले. नवाचे दोन भाग, पाच आणि चार. झालं ५८४. पंधरा मिनिटं तो हीच साखळी मनात फिरवत बसला होता. मग बोलणं दुसऱ्या विषयावर गेलं. मिनिटभराने त्याला आकडे तर सोडाच, आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते हेही आठवत नव्हतं.

म्हणजे कार्यरत स्मृती लक्षाच्या जोरावर चालते. लक्ष टिकलं तर पंधरा मिनिटं, सुटलं तर काही सेकंद. उलट, जे शब्दांत घोळवता येत नाही ते फारच लवकर निसटतं. १९६८ च्या एका प्रयोगात हेन्रीला लंबवर्तुळं दाखवून थोड्या वेळाने तसंच लंबवर्तुळ ओळखायला सांगत. त्याला पाच सेकंदांच्या पुढे ते जमेना. तीन अक्षरांचा गट मात्र तो मनात म्हणत राहून चाळीस सेकंदांनीही ओळखत होता. जरासं चपटं आणि जरा जास्त चपटं लंबवर्तुळ यांना वेगवेगळी नावं कुठून देणार?

आणखी एक प्रयोग सांगते, कारण त्यात मर्यादेची भिंत स्पष्ट दिसते. आकड्यांची एकच रांग पुन्हा पुन्हा ऐकवायची, जमली की त्यात एक आकडा वाढवायचा. निरोगी लोक अशा सरावाने वीस आकड्यांपर्यंत जातात, कारण प्रत्येक फेरीत दीर्घकालीन स्मृती थोडी थोडी मदतीला येते. हेन्रीची मजल सहा आकड्यांची होती. सातवा आकडा घातल्यावर तीच रांग पंचवीस वेळा ऐकवूनही त्याला ती म्हणता आली नाही. सहापर्यंत तो आपल्यासारखाच होता. सातव्याला लागणारी मदत त्याच्याकडे नव्हती.

शाळेत शिकलो की माहिती आधी अल्पकालीन स्मृतीत येते आणि तिथून दीर्घकालीन स्मृतीत जाते. हे बरोबर आहे ना?

१९६८ मध्ये ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी जी आकृती दिली ती साधारण अशीच होती, आणि पाठ्यपुस्तकांतून ती अजून भेटते. हेन्रीचं उदाहरण तिच्यात नीट बसतं: पहिली खोली चांगली, पुढे जायचा दरवाजा बंद.

पण दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, टिम शॅलिस आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी के. एफ. या रुग्णाबद्दल लिहिलं आणि चित्र उलटं झालं. मोटरसायकलच्या अपघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या या माणसाला ऐकलेले दोन आकडेही धड म्हणता येत नसत. आकृतीप्रमाणे पहिली खोलीच पडलेली, तेव्हा पुढे काही जायलाच नको. प्रत्यक्षात त्याची दीर्घकालीन स्मृती व्यवस्थित होती. तो नवीन गोष्टी शिकत होता, रोजच्या घटना त्याच्या लक्षात राहत होत्या. याचा अर्थ, शब्द घोळवत धरून ठेवणं ही दीर्घकालीन आठवणीकडे जाणारी एकमेव वाट नाही. ऐकल्याबरोबर अर्थ लागला, तर शब्द निसटले तरी मुद्दा आत जातो.

मग शब्द धरण्याच्या या क्षमतेचा उपयोग काय? त्याचं उत्तर पी. व्ही. या इटालियन महिलेकडून मिळालं. तिलाही के. एफ.सारखीच अडचण होती. आपल्या भाषेतल्या शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच शिकली. अनोळखी रशियन शब्द मात्र, कानावर पडलेले, तिला एकही शिकता येईना. जिथे अर्थाचा आधार नाही, नुसता आवाज आहे, तिथे तो आवाज काही क्षण धरता आलाच पाहिजे. लहान मूल रामरक्षा अर्थ न कळताही पाठ करतं ते याच शक्तीवर, असं मला वाटतं.

हिप्पोकॅम्पस नक्की काय करतो? आठवणी तिथे साठतात का?

तिथेच साठत असत्या तर हेन्रीचं बालपणही पुसलं गेलं असतं. एखादी घटना म्हणजे अनेक तुकडे: चेहरा, आवाज, जागा, वास, आधी काय झालं आणि नंतर काय. हे तुकडे मेंदूच्या बाह्य आवरणात वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जातात. हिप्पोकॅम्पस त्यांची एकमेकांशी गाठ मारतो, आणि तीही चटकन, एका भेटीत. ही गाठ पुढे बराच काळ पक्की होत राहते. १९०० मध्ये जर्मनीतल्या म्युलर आणि पिल्झेकर यांनी हे पक्कं होणं प्रथम प्रयोगातून दाखवलं.

म्हणजे हिप्पोकॅम्पसचा कार्यरत स्मृतीशी काही संबंध नाही?

यावर गेली वीस वर्षं जोरात वाद चालू आहे. दोन हजारच्या दशकात काही प्रयोगांत असं दिसलं की स्मृतिलोपाच्या रुग्णांना काही सेकंदांनीही चुका होतात, विशेषतः कोणती वस्तू कुठे होती हे विचारलं की. एकट्या वस्तू आठवतात, एकट्या जागा आठवतात, जोडी चुकते. त्यावरून काही संशोधक म्हणाले की गाठ मारायची असेल तर ती तीन सेकंदांसाठी असो वा तीन वर्षांसाठी, काम हिप्पोकॅम्पसचंच.

दुसऱ्या बाजूला लॅरी स्क्वायर आणि त्यांचे सहकारी. २०१० मध्ये त्यांनी टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या जागा रुग्णांना पाठ करायला लावल्या. वस्तू थोड्या असताना रुग्ण निरोगी लोकांच्या बरोबरीने होते. संख्या एका टप्प्यापलीकडे गेली की एकदम कोसळले. त्यांच्या मते, ज्या क्षणी काम कार्यरत स्मृतीत मावेनासं होतं त्या क्षणापासून दीर्घकालीन स्मृती मदतीला येते, मग मध्ये काही सेकंदच का गेलेले असेनात. रुग्ण त्या काही सेकंदांत चुकतो तो यामुळे.

मला ही दुसरी मांडणी जास्त पटते. हेन्रीचा सातवा आकडा आणि टेबलावरच्या वस्तू एकच गोष्ट सांगतात: दोन स्मृतींमधली सीमा वेळेने ठरत नाही, किती मावतं आणि लक्ष किती टिकतं यावर ठरते. जोडीच्या चुकांचं पूर्ण उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, हेही मान्य करायला हवं.

तेच तेच घोकून घेतलं तर आठवण पक्की होईल का?

नुसतं घोकून निरोगी माणसालाही फारसा फायदा होत नाही. पोपटपंचीने शब्द जिभेवर राहतात, इतकंच. अर्थ लावला, आधीच्या माहितीशी जोडलं, की ठसा खोल उमटतो. हिप्पोकॅम्पस गमावलेल्या माणसाकडून ‘म्हणा, पन्नास वेळा म्हणा’ असं करून घेणं म्हणजे त्याला दमवणं. उपयोगी पद्धती वेगळ्या आहेत, त्या पुढे देते.

काही रुग्णांना शांत खोलीत ठेवलं की आठवतं, असं वाचलं. खरं आहे?

हो, आणि हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २००४ मध्ये कोवान, बेस्किन आणि डेला साला यांनी तीव्र स्मृतिलोपाच्या सहा रुग्णांना छोटी गोष्ट ऐकवली. एकदा मधला तासभर इतर चाचण्यांत घालवला, एकदा रुग्णाला अंधाऱ्या शांत खोलीत नुसतं पडू दिलं. पहिल्या वेळी जवळपास काही उरलं नाही. दुसऱ्या वेळी सहापैकी चौघांनी बरीचशी गोष्ट सांगितली. ते गोष्ट मनात घोळवत राहिले असतील, असं कोणी म्हणेल. पण काही जण मधल्या वेळात चक्क झोपले होते. म्हणजे थोडाफार ठसा तयार होत होता, आणि मागोमाग येणारी नवी माहिती त्याला पक्का होण्याआधीच पुसत होती.

सगळ्या रुग्णांना हे लागू नाही, दोघांना फरक पडला नाही. तरी घरी करून पाहायला खर्च नाही. महत्त्वाचं काही सांगितलं की लगेच टीव्ही लावू नका. दहा-पंधरा मिनिटं शांत बसू द्या.

स्मृतिलोप झाला की माणूस काहीच शिकू शकत नाही का?

शिकतो. १९६२ मध्ये मिल्नर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेन्रीने आरशात पाहून चांदणीची रेघ गिरवायला शिकलं. तीन दिवस सराव केला, रोज चुका कमी होत गेल्या, आणि रोज त्याला वाटे की आपण हे प्रथमच करतो आहोत. हाताचं कौशल्य वेगळ्या वाटेने पक्कं होतं. १९११ मध्ये जिनिव्हाच्या क्लापारेद यांनी लिहिलेलं उदाहरण याहून जुनं. हस्तांदोलन करताना त्यांनी एका रुग्ण महिलेला टाचणी टोचली. नंतर तिने हात द्यायला नकार दिला. का, ते तिला सांगता येईना. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

डोक्याला मार लागून माणूस स्वतःचं नावच विसरतो, दुसरा मार लागला की सगळं परत येतं. असं होतं का?

सिनेमात होतं. मेंदूच्या इजेमुळे येणाऱ्या स्मृतिलोपात माणसाला आपलं नाव बहुधा ठाऊक असतं. जातं ते नवीन, आणि इजेच्या आधीचा काही काळ. दुसऱ्या मारामुळे फक्त आणखी इजा होते.

डॉक्टरकडे केव्हा जायचं?

विस्मरण अचानक सुरू झालं तर त्याच दिवशी, वाट न पाहता. पन्नाशी-साठीतला माणूस एकाएकी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागतो आणि काही तासांत पूर्ववत होतो, असा एक तात्पुरता प्रकार आहे. पण तो तोच आहे की पक्षाघात, हे घरी ठरवायचं नाही. ताप, डोकेदुखी आणि वागण्यात विचित्रपणा असेल तर मेंदूज्वराची शक्यता असते. इंग्लंडमधला संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग याची स्मृती १९८५ मध्ये नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वरात गेली. यावर औषध आहे आणि ते लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

तिसरं कारण बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. बरीच वर्षं दारू पिणाऱ्यांत ती दिसते, पण गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्या बाईलाही होऊ शकते. तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळणं ही लक्षणं दिसली तर तातडीने बी-१ ची इंजेक्शनं लागतात. वेळ गेली तर कोर्साकॉफचा स्मृतिलोप कायमचा मागे राहतो. दारूवरून चिडून ‘भोगू दे’ म्हणत घरच्यांनी दिवस घालवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.

विस्मरण हळूहळू वाढत असेल आणि बोलणं, हिशोब, रस्ता ओळखणं हेही बिघडत असेल तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. त्यात पुढे कार्यरत स्मृतीही ढासळते, म्हणून तपासणी आणि सल्ला दोन्ही वेगळे.

घरी काय करावं?

शाबूत असलेल्या स्मृतीला धरून काम करा. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात सांगा. ‘आधी गोळी घ्या, मग चहा, आणि चारला शरदचा फोन येईल’ यात तीन गोष्टी झाल्या. मधेच दाराची बेल वाजली की तिन्ही गेल्या.

नवी गोष्ट शिकवायची तर वाढत्या अंतराने विचारा. ‘चष्मा कुठे ठेवायचा?’ लगेच, मग अर्ध्या मिनिटाने, मग एक, दोन, चार मिनिटांनी. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर सांगून मागच्या अंतरावर या. ‘आठवून बघा, आठवून बघा’ असा आग्रह धरू नका. या रुग्णांना चूक केल्याचं आठवत नाही, पण तोंडून निघालेली चुकीची गोष्टच मनात रुजते. अंदाज बांधायला लावण्यापेक्षा उत्तर आधीच देणं बरं.

बाकी काम कागदावर सोपवा. दारासमोर मोठ्या अक्षरांत वार-तारीख, एकच वही, एकच जागा. वहीत पाहायची सवय हीच सरावाने पक्की होऊ शकते, हेन्रीच्या चांदणीसारखी.

त्यांना आपली अवस्था कळते का?

पुष्कळांना कळते, निदान अधूनमधून. हेन्रीने एकदा सांगितलं होतं की या क्षणी सगळं स्पष्ट आहे, पण आत्ताच काय झालं? आपण काही चुकीचं बोललो किंवा वागलो तर नाही ना, याची त्याला काळजी वाटे. स्वप्नातून जागं झाल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. ‘अहो, आत्ताच सांगितलं ना!’ हे वाक्य नेमकं याच काळजीवर बोट ठेवतं. पाचव्यांदा विचारलं तरी त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच असतं. पाचव्यांदाही पहिल्यासारखंच सांगा.

आईला मी येऊन गेल्याचंही आठवत नाही. मग दर रविवारी भेटायला जाऊन काय उपयोग?

२०१० मध्ये अमेरिकेत हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना आधी दुःखी आणि मग वेगळ्या वेळी आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते सांगता येईना. दुःख आणि आनंद मात्र मनात रेंगाळले, चित्रफीत विसरल्यानंतरही. रविवारी संध्याकाळी आई कशी असते, शांत की अस्वस्थ, हे तिच्याजवळ राहणाऱ्याला एकदा विचारून पाहा. तुम्ही गेलेले रविवार आणि न गेलेले रविवार, दोन्ही विचारा.